कुमुदमावशींची तब्येत

जानेवारीतली सकाळ. गाझियाबादेत असं धुकं पडलं होतं, की समोरचा टॉवर रात्रीतून कुणी उचलून नेलाय की काय असं वाटावं. अशा धुक्यात आमच्या शेजारच्या कुमुदमावशी दूध आणायला खाली उतरल्या, त्या डोळ्यांवर भलामोठा काळा चष्मा चढवून. मी विचारलं, "मावशी, डोळ्यांना काय झालं?" मावशींनी मान वर केली, जिकडे सूर्य असण्याची शक्यता होती तिकडे एकवार पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, "ऊन फार आहे गं."

त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. हे मला महिन्याभरानं कळलं, तेही हॉस्पिटलच्या माणसानं त्यांची फाइल चुकून आमच्या दारात आणून दिली म्हणून. ऑपरेशनला सोबत म्हणून त्यांनी भजनी मंडळातल्या एका बाईंना नेलं होतं. त्या बाईंनी आजतागायत तोंड उघडलेलं नाही. मी फाइल द्यायला गेले तेव्हा मावशींनी ती उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "उघडलीस?" मी म्हटलं, "नाही." तेव्हा कुठे मला आत बोलावून चहा दिला.

स्वतःच्या तब्येतीबद्दल मावशी दोनच शब्द बोलतात. "कशा आहात?" असं विचारलं की म्हणतात, "आहे." आणि त्याहून खोलात शिरायला गेलं की दुसरा शब्द येतो, "संबंध?" तोही रागानं नाही. पत्ता चुकून आलेल्या पोस्टमनला आपण ज्या स्वरात विचारतो, त्या स्वरात.

कुमुद हे त्यांचं खरं नाव नाही, हे वेगळं सांगायला नको. नावं मी सगळीच बदलली आहेत. त्यांचा मुलगा हे वाचेल अशी भीती तशी कमीच. दिल्लीत वाढलेली आपली पोरं मराठी बोलतात झकास, पण हातात मराठी पुस्तक दिलं की त्यांना एकदम ऑफिसचं काम आठवतं.

एकदा मावशींना ताप आला आणि मी त्यांना जवळजवळ ओढतच मार्केटमधल्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरच्या टेबलाभोवती पाचसहा पेशंट, एक कंपाउंडर, एक औषध कंपनीचा माणूस, अशी छान बैठक जमली होती. डॉक्टर म्हणाला, "बोलिए आंटीजी, क्या तकलीफ है?" मावशी म्हणाल्या, "पहले इनको बाहर भेजिए." डॉक्टरला वाटलं गंमत करतायत. मावशी पर्स मांडीवर घेऊन बसून राहिल्या. शेवटी डॉक्टरनं सगळ्यांना बाहेर काढलं, मलासुद्धा. दार लोटून घेता घेता मला एवढंच ऐकू आलं. त्यानं विचारलं, "उमर?" आणि मावशी म्हणाल्या, "लिखिए, बालिग."

औषधं त्या आमच्या मार्केटमधून घेत नाहीत. तीन चौक ओलांडून पलीकडच्या दुकानात जातात, आणि गोळ्यांची पाकिटं कोथिंबिरीच्या जुडीखाली दडवून आणतात. आमच्या मार्केटमधला औषधवाला माझ्याकडे काळजीनं चौकशी करतो, "आंटीजी ठीक तो हैं ना? कभी कुछ लेती ही नहीं." मी म्हणते, "हैं." मावशींच्या शेजारी राहून मलाही सवय लागली.

आता याला कुणी विक्षिप्तपणा म्हणेल. मीही म्हणत होते. मग मावशींनी त्यांच्या नोकरीबद्दल सांगितलं.

मावशी ट्रंक ऑपरेटर होत्या. लग्न होऊन दिल्लीत आल्या, टेलिफोन खात्यात लागल्या आणि निवृत्त होईपर्यंत कानाला हेडफोन लावून बसल्या. एका गावाची वायर दुसऱ्या गावाच्या भोकात खोचायची, "बात कीजिए" म्हणायचं आणि बाजूला व्हायचं. पण बाजूला होण्याआधी लाइन नीट लागली की नाही हे ऐकावंच लागायचं. त्या दोन-चार वाक्यांत अख्खं जग कानावर पडायचं. कुणाचा मुलगा पास झाला, कुणाचे वडील गेले, कुणाचं ठरलेलं लग्न मोडलं. अशाच एका मोडलेल्या लग्नाची खबर मावशींनी दुपारी कानानं ऐकली आणि संध्याकाळी त्याच घरच्या केळवणाला जाऊन श्रीखंड खाल्लं. त्या घरात ती खबर पोचायची होती. "घशाखाली उतरत नव्हतं गं," मावशी म्हणाल्या. "पण लाइनवरचं लाइनवर."

हे त्यांचं ब्रीदवाक्य. लाइनवरचं लाइनवर. नवऱ्यालाही त्यातून सूट नव्हती. काकांची शिलाँगला बदली ठरली, त्या फोनची वायर मावशींनीच जोडली होती. काकांचं नाव ऐकलं, शिलाँग ऐकलं, आणि घरी येऊन भेंडी चिरायला घेतली. आठवड्यानं काका तोंड पाडून ऑर्डर घेऊन आले. मावशी म्हणाल्या, "अच्छा?" तोवर काकांच्या मापाचा जाड लोकरीचा स्वेटर बाह्यांपर्यंत विणून झाला होता. ऐन जुलैत बायको स्वेटर का विणत होती, हा प्रश्न काकांना फार वर्षांनी पडला. तेव्हाही मावशी नुसत्या हसल्या म्हणे.

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी चढ्ढाजी हा उत्साही माणूस. त्यांनी एक दिवस जाहीर केलं की आता अख्खी सोसायटी फिट होणार. कुठल्याशा कंपनीचं ॲप आणलं, ज्याच्या त्याच्या मनगटावरचं घड्याळ त्याला जोडलं आणि लिफ्टशेजारी एक टीव्ही टांगला. त्यावर दिवसभर नावं सरकत असायची. कोण किती चालला, कोण किती झोपला, कुणाच्या छातीचे ठोके किती. लोक आधी मजेनं बघायचे, मग थांबून बघायचे, मग लिफ्ट आली तरी हलायचे नाहीत. "सोसायटीच्या कामानं मरायलाही फुरसत नाही" म्हणणारे चढ्ढाजी रोज जेवण झाल्यावर दोन तास ढाराढूर झोपतात, हे टीव्हीनंच सगळ्यांना सांगितलं.

मावशींच्या फ्लॅटचा रकाना तेवढा कोरा. चढ्ढाजी दोनदा येऊन गेले. "आंटीजी, पूरा टॉवर आ गया, सिर्फ आप बाकी हैं." मावशी म्हणाल्या, "तो बाकी रहने दीजिए."

मग तो लिफ्टमधला प्रसंग झाला. आठव्या मजल्यावरच्या घरातली नवी सून, तिचे ठोके वाढलेले आणि चालणं एकदम कमी झालेलं टीव्हीवर दिसत होतं. पार्कातल्या बायकांनी दोन अधिक दोन केले. लिफ्टमध्ये, सासूच्या देखत, तिचे गाल ओढून अभिनंदन. ती बिचारी कावरीबावरी झाली. तसं काही नव्हतंच. थायरॉइडचा त्रास सुरू झाला होता आणि ते तिनं घरात अजून सांगितलं नव्हतं. ते तिला तिथं, सहा जणांत, दोन मजल्यांच्या मधे सांगावं लागलं. सांगताना तिला रडू फुटलं. मावशी त्याच लिफ्टमध्ये होत्या. त्यांनी पुढच्या मजल्याचं बटण दाबलं, दार उघडल्यावर सगळ्या बायकांना म्हणाल्या, "उतरिए. यह लिफ्ट है, डॉक्टर का कमरा नहीं." आणि कमाल म्हणजे सगळ्या उतरल्या.

त्या रविवारी सोसायटीच्या मीटिंगला मावशी पहिल्यांदाच आल्या. आवाज चढवला नाही. ऑपरेटरचा आवाज तो, खालच्या पट्टीतच शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचतो. म्हणाल्या, "चढ्ढाजी, हर कॉल में तीन लोग होते थे. बोलनेवाला, सुननेवाला और ऑपरेटर. तीसरे पर भरोसा था, इसलिए पहले दो बोलते थे. बस इतना बताइए, यहाँ ऑपरेटर कौन है?"

चढ्ढाजी म्हणाले, "आंटीजी, यह तो ऐप है."

"ऐप किसका है?"

"कंपनी का."

"कंपनी में हमारी बात कौन सुनता है? नाम बताइए. मैं मिल लूँगी."

चढ्ढाजींनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. हॉलमध्ये कुणालाच नाव माहीत नव्हतं. कुणाला कधी विचारावंसंही वाटलं नव्हतं, मलाही नाही. दुसऱ्या दिवशी टीव्हीवर सरकत्या नावांच्या जागी पाण्याच्या टाकीची वेळ दिसायला लागली, आणि चढ्ढाजी पहिल्यासारखे निर्धास्त झोपायला लागले. ती आठव्या मजल्यावरची सून त्यानंतर दर एकादशीला मावशींना रताळ्याचा कीस आणून द्यायला लागली. मराठी पदार्थ तिला मावशींनीच शिकवला.

एवढ्या बाणेदार बाईची दांडी शेवटी गुल झाली ती स्वतःच्याच बाथरूममध्ये. मे महिन्यातल्या एका रविवारी मुलगा शिरीष गुरुग्रामहून भेटायला आला. बाहेर लू वाहत होती आणि मावशी शाल पांघरून बसलेल्या. "आई, शाल कशाला?" "थंडी आहे." शिरीषनं शाल ओढली तर डाव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत बँडेज. पाय घसरून पडल्या होत्या. केव्हा, हे त्यांनी त्यालाही सांगितलं नाही.

शिरीष भला मुलगा. मोठ्या कंपनीत मोठ्या पगारावर, बायको नेहा ऑफिसच्या कामानं सिंगापूरला, मुलगी पुण्याला कॉलेजात. घरी एकटाच. त्या दिवशी मात्र तो आईवर पहिल्यांदा चिडला. पुढच्या रविवारी स्वतःच्या मनगटावर होतं तसलंच घड्याळ घेऊन आला. म्हणाला, "आई, दोनच रस्ते आहेत. एक तर हे हातात घाल, म्हणजे तुझं मला तिथे दिसत राहील. नाहीतर चल गुरुग्रामला. आणि यात काही गडबड दिसली तरी गुरुग्राम. बिल्कुल ऐकणार नाही मी."

मावशींना गुरुग्राम म्हणजे अंदमान. तिथे बाविसावा मजला. "कबूतरसुद्धा धापा टाकत येतं," त्या म्हणायच्या. इथे त्यांचं काय नव्हतं? काकांनी स्वतः उभं राहून बसवून घेतलेल्या खिडक्या होत्या, शुक्रवारचं भजनी मंडळ होतं, निवडून भाजी देणारा भाजीवाला होता, आणि भिंतीपलीकडे मी होते. हे सगळं त्या घड्याळावर अवलंबून राहिलं. त्यांनी हात पुढे केला.

शिरीषनं फोन हातात घेतला आणि "ॲग्री, ॲग्री, ॲग्री" म्हणत टपाटप बटणं दाबली.

"काय लिहिलं होतं ते?" मावशी.

"आई, ते कुणी वाचत नाही."

"मग लिहितात कुणासाठी?"

घड्याळ त्या दिवशी मनगटावर चढलं नाही. आधी वाचन झालं, आणि वाचणारी मी. दुपारची भांडी आवरली की मावशींच्या डायनिंग टेबलाशी बसायचं आणि फोनमधलं ते लांबलचक इंग्रजी मराठीत करून सांगायचं. पोथी लावली होती म्हणा ना. मी वाचायचे, "आम्ही आपल्या माहितीची काळजी घेतो." मावशी विचारायच्या, "म्हणजे काय करतात?" "ते नाही लिहिलेलं." "पुढे." "ही माहिती आम्ही आमच्या भागीदारांना देऊ शकतो." "नावं?" "नावं नाहीत." मावशी चष्मा पुसायच्या. "बिननावाचे भागीदार. आमच्या सासरी असे दोन होते. घर खाऊन गेले."

मग एकेक बटण शोधून आम्ही बंद केलं. जाहिरातवाले बंद, विमावाले बंद, कुठे गेलात ते सांगणारं बंद. राहिली फक्त शिरीषची एक लाइन. तिथेही मावशींनी अट घातली. त्याला फोन लावून म्हणाल्या, "माझं तुला दिसणार, तर तुझं मला दिसलं पाहिजे. एकतर्फी लाइन मी आयुष्यात जोडली नाही."

तो मीटिंगमध्ये होता. "हो हो आई, चालेल, पाठव, मी ॲक्सेप्ट करतो."

मी पाठवलं, त्यानं न वाचता दाबलं आणि विसरून गेला. मावशी फोन ठेवून म्हणाल्या, "विचारून घेतलंय हं. तू साक्षीदार."

पुढचे काही आठवडे फार मजेचे गेले. शिरीषचा रोज फोन. "आई, सकाळी ठोके का वाढले होते?" "संबंध?" "आई, प्लीज." "पुरण वाटत होते." एका शुक्रवारी तर तो घाबराघुबरा झाला. "आई, दुपारी पळत कुठे होतीस? घड्याळ म्हणतंय तू अर्धा तास धावलीस." मावशी भजनात झांजा वाजवत होत्या. हात सारखे हलताहेत म्हणजे बाई पळतेच आहे, अशी घड्याळाची समजूत. मंडळातल्या बायका इतक्या हसल्या की अभंग मधेच थांबवावा लागला. तेव्हापासून त्या मावशींना विचारायच्या, "आज कुठवर पळायचं?"

गडबड मात्र घड्याळात एकदाही दिसली नाही. मावशींचं हृदय पंचविशीतल्या पोरीसारखं ठणठणीत निघालं. त्यांचं घर त्यांच्याकडेच राहणार, हे पक्कं झालं. मी खूश होते.

मग काहीतरी बदललं. मावशी फोन घेऊन बसायला लागल्या. भजनाला आल्या तरी एका कडव्यानंतर पर्समध्ये डोकावायच्या. पोळ्यांचं पुरण दोनदा करपलं. एक दिवस मला म्हणाल्या, "अनघा, ही झोपेची रेघ रात्रभर अशी वरच असेल, तर माणूस जागा असतो ना?" मी म्हटलं, "हो. झोप लागत नाही का तुम्हाला?" त्या म्हणाल्या, "आणि ऑफिसच्या वेळेत, दिवसाउजेडी रेघ खाली असेल तर?" "तर झोपलेला. का हो?" "काही नाही. समजून घेतलं." आणि उठून डाळ भिजत घातली. मला वाटलं, वय झालं, रात्री झोप उडाली असेल.

त्यानंतरच्या मंगळवारी मी त्यांच्याकडे चकल्या पाडायला गेले होते. माझ्यासमोर त्यांनी शिरीषला फोन लावला, आणि मी जे ऐकलं त्यानं माझा सोऱ्या हातातच राहिला.

"शिरीष, मला बरं वाटत नाही रे," मावशी म्हणाल्या. "एकटीला भीती वाटते. छातीत धडधडतं. रात्री उठले की वाटतं, आता पडेन."

फोन स्पीकरवर होता. मग शिरीष म्हणाला, "पण आई, घड्याळात तर सगळं नॉर्मल आहे."

"घड्याळाला काय कळतंय? ते काय डॉक्टर आहे?" मावशींचा आवाज कापला. "मला तुझ्याकडे घेऊन जा. आजच ये."

फोन ठेवून त्यांनी पदरानं कपाळ टिपलं. जन्मात ज्या बाईनं "आई गं" म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं, तिनं एका दमात एवढी दुखणी सांगितली. मी म्हटलं, "मावशी, मला का नाही सांगितलंत? मी रात्री झोपायला आले असते." त्या म्हणाल्या, "तळण बघ, लागेल." मग फोन माझ्यापुढे सरकवला. "आणि शिरीषची लाइन बंद करून दे. मला आता त्याचं काही बघायचं नाही." मी बंद करून दिली. मला वाटलं, मुलावर रुसल्या.

संध्याकाळी शिरीष गाडी घेऊन आला. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. मी मनात म्हटलं, आईच्या काळजीनं झालाय बिचारा. मावशी त्याच्या खांद्याचा आधार घेऊन, पाय ओढत लिफ्टपर्यंत गेल्या. घराची किल्ली माझ्या हातात दिली. काकांनी बसवलेल्या खिडक्यांकडे त्यांनी एकदाही वळून पाहिलं नाही. मला मात्र रडू आवरेना. एवढी ताठ बाई म्हातारपणानं अशी वाकवली, याचा मला खरंच राग आला होता.

दोनेक महिन्यांनी मी गुरुग्रामला गेले, मेट्रो आणि पुढे कॅब करून. दार शिरीषनंच उघडलं. गुळगुळीत दाढी, अंगावर थोडं मांसही चढलेलं. "अनघाताई, आईचं काही विचारू नका," तो म्हणाला. "सकाळी सहाला तिला चहा लागतो, मग धरून खाली चालवायचं, मग तिला एकटीला जेवण जात नाही म्हणून सोबत जेवायचं. घड्याळ सगळं नॉर्मल दाखवतं हो. ही उपकरणं काही खरी नाहीत."

मावशी सोफ्यावर उशांना टेकून बसल्या होत्या. मला पाहून क्षीण हसल्या. "कशा आहात?" मी विचारलं. "बघतेस ना," त्या म्हणाल्या आणि छातीवर हात ठेवला.

थोड्या वेळानं शिरीषचा कुणाचा तरी फोन आला आणि तो दुसऱ्या खोलीत गेला. मावशी उठल्या. तरातरा स्वयंपाकघरात गेल्या, स्टूल ओढलं, त्यावर चढून वरच्या फळीवरचा बेसनाच्या लाडवांचा डबा काढला आणि टुणकन खाली उतरल्या. मी आ वासून बघत होते. "मावशी, तुम्हाला तर..." मी म्हणेपर्यंत शिरीषच्या पावलांचा आवाज आला. मावशींनी डबा माझ्या हातात दिला, ओट्याची कड धरली आणि त्याला म्हणाल्या, "बघ ना, अनघानं काढून दिला. माझा हात कुठला पोचायला."

निघताना शिरीष मला कॅबपर्यंत सोडायला खाली आला. गेटपाशी थांबून म्हणाला, "ताई, एक सांगू? कुणाला बोललो नव्हतो. माझी नोकरी गेली होती. आई यायच्या आधीच दीड महिना. नेहालाही सांगितलं नव्हतं. सकाळी कपडे करून बसायचो आणि मग परत झोपायचो. रात्री डोळ्याला डोळा नाही. पुढे पुढे तर मी बाल्कनीचं दार कुलूप लावून ठेवायला लागलो होतो. स्वतःचीच भीती वाटायची."

ती रात्रभर वर राहिलेली रेघ कुणाची होती, हे मला तिथं, त्या गेटपाशी, इतक्या उशिरा कळलं. मावशींनी ते सगळं त्या इवल्याशा पडद्यावर पाहिलं होतं. कुणाला म्हणून सांगितलं नाही, त्यालाही विचारलं नाही. राखून ठेवलेलं घर, खिडक्या, भजन, सगळं सोडलं, आणि त्याला उठायला काहीतरी कारण असावं म्हणून स्वतः आजारी पडल्या.

"आणि नेमकी तेव्हाच आईची तब्येत बिघडली," शिरीष सांगत होता. "देवानंच पाठवली म्हणा. तिचं करता करता मी उठायला लागलो, झोपायला लागलो. एका डॉक्टरांकडेही जातो आता. नेहालाही सांगून टाकलं, पुढच्या महिन्यात ती येतेय. परवा एक छोटी नोकरीही मिळाली." मग आवाज खाली आणून म्हणाला, "आईला मात्र यातलं काही कळू दिलं नाही मी. तिच्या हृदयाला सोसलं नसतं."

सगळं माझ्या ओठांवर आलं होतं. ते गिळून मी म्हटलं, "बरं केलंस, शिरीष. आईला असलं काही सांगू नये."

कॅब आली. मी दार लावून घेतलं, काच खाली करून त्याच्याशी अजून दोन शब्द बोलावेत असं मनात होतं. पण तो थांबला नाही. आई वर एकटी आहे, घाबरेल, असं म्हणत तो घाईघाईनं लिफ्टकडे निघूनही गेला होता.